विश्वाला सुरुवात होती का? ऋजुताला पत्र

चि. ऋजुता,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले. तू दोन प्रश्न एकत्र विचारलेस. एक, जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्व एका अतिउष्ण, अतिदाट अवस्थेतून पसरत आलं हा सिद्धांत) खोटा ठरवला असं सांगणारा तो व्हिडिओ खरा आहे का? आणि दुसरा, जो मला जास्त मोलाचा वाटला: नारळीकर सर आयुष्यभर महास्फोटाच्या विरोधात उभे राहिले, मग ते चुकले का? आणि चुकले असतील तर एवढ्या बुद्धीच्या माणसाची इतकी वर्षं वाया गेली का?

व्हिडिओ खोटा आहे. त्याच्याकडे शेवटी येते. सरांबद्दलच्या प्रश्नाला मात्र एका शब्दाचं उत्तर देऊन मला मोकळं होता येणार नाही.

आज पाठ्यपुस्तक वाचताना असं वाटतं की महास्फोट हा पहिल्यापासून राजमार्ग होता आणि काही हट्टी माणसं आडवाटेला गेली. १९४८ साली चित्र उलटं होतं. हबलने १९२९ मध्ये दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दूर जाताना दाखवल्या, तेव्हा प्रसरणाचा दर त्याला दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ५०० किलोमीटरच्या आसपास मिळाला होता. आजचा आकडा सत्तरच्या आगेमागे आहे. ५०० घेऊन उलटा हिशोब केलास तर विश्वाचं वय जेमतेम दोन अब्ज वर्षं येतं. आणि खडकांमधल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचं वय तेव्हाच तीन अब्जांच्या पुढे निघत होतं. पोटच्या पृथ्वीपेक्षा विश्वच लहान! त्या वेळी अडचणीत होता तो महास्फोट. त्याला पर्याय शोधणं हा आडमुठेपणा नव्हता, शहाणपणा होता.

हा पर्याय फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या केंब्रिजच्या तीन तरुणांनी मांडला: स्थिर स्थिती सिद्धांत. विश्व प्रसरण पावतं हे त्यांनाही मान्य होतं. पण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात, मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य जन्माला येतं, त्यातून नव्या दीर्घिका घडतात आणि एकूण घनता कायम राहते. आमच्या शाळेसारखंच. दरवर्षी दहावीची तुकडी बाहेर पडते, पाचवीला नवी मुलं येतात, आणि वीस वर्षांनी कुणी शाळेत डोकावलं तरी मुलांचं सरासरी वय तेच दिसतं. नव्या द्रव्याचा हा दर किती लागतो? एका घनमीटरमध्ये अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेत तो पकडता येणार नाही.

'शून्यातून द्रव्य कसं येईल?' हा तुझ्या मनात आलेला आक्षेप तेव्हाही सगळ्यांनी घेतला होता. हॉइलने, आणि पुढे त्याच्याबरोबर नारळीकर सरांनी, त्यासाठी ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र गणितात आणलं. त्याला ते सी-क्षेत्र म्हणत. द्रव्य निर्माण होताना धन ऊर्जा जेवढी वाढते तेवढीच त्या क्षेत्राची ऋण ऊर्जाही वाढते आणि जमाखर्च शून्यावर राहतो. शिवाय त्यांचा एक उलट प्रश्न होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. थेंबाथेंबाने होणारी निर्मिती ज्यांना पटत नाही, त्यांनी सगळ्या विश्वाचं द्रव्य एका क्षणात आलं हे कसं पटवून घेतलं?

खुद्द आइनस्टाइननेही १९३१ च्या सुमारास असाच विचार कागदावर मांडून पाहिला होता. गणितात खोट दिसली तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला आणि कधी छापला नाही. ते हस्तलिखित गेल्या दहा-बारा वर्षांत अभ्यासकांच्या लक्षात आलं.

आता ज्या गुणामुळे मी या सिद्धांताला मान देते तो सांगते. तो लपून बसत नव्हता. विश्व सर्व काळी सारखंच दिसतं असं एकदा म्हटलं की परीक्षा सोपी होते. दूर पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं. तेव्हा दूरचं विश्व जवळच्यासारखंच दिसायला हवं. वेगळं दिसलं की सिद्धांत संपला. महास्फोटाच्या समीकरणांमध्ये आकडे इकडेतिकडे सरकवायला भरपूर जागा होती, या सिद्धांतात ती जवळजवळ नव्हती. बाँडी आणि गोल्ड ही गोष्ट अभिमानाने सांगत.

आणि परीक्षा झालीच. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल रेडिओ स्रोतांची, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तूंची, मोजणी करत होता. त्याच्या मोजणीत मंद, म्हणजे दूरचे स्रोत फार जास्त निघत होते. याचा अर्थ पूर्वी त्यांची दाटी जास्त होती, म्हणजे विश्व बदललं आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये त्याने हा निकाल गाजावाजा करून जाहीर केला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायची जबाबदारी हॉइलने आपल्या नव्या विद्यार्थ्यावर टाकली. नारळीकर सर तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि संशोधनाला लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा होता की रेडिओ स्रोत अवकाशात समान पसरलेले नसून मोठमोठ्या पुंजक्यांत असतील, मधे मोठ्या पोकळ्या असतील, तर आपण जिथे आहोत तिथून अशी मोजणी मिळू शकते. एवढ्या मोठ्या प्रमाणावरची विषमता तेव्हा कुणाला पटली नाही. दोन दशकांनी दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या महापोकळ्या खरोखर सापडल्या. पण राइलचा मूळ निष्कर्ष टिकलाच. क्वेसार (दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) दूरवर जास्त आणि जवळ कमी आहेत हे पुढे स्पष्ट झालं. युक्तिवादातला एक भाग खरा निघूनही माणूस वाद हरू शकतो.

तुला आवडेल म्हणून आणखी एक सांगते. स्टीफन हॉकिंगच्या पीएचडी प्रबंधाचं पहिलं प्रकरण हॉइल-नारळीकर गुरुत्व सिद्धांताच्या चिकित्सेचं आहे. हॉकिंग आणि नारळीकर सर केंब्रिजमध्ये एकाच काळातले. एकाच्या सिद्धांतातली त्रुटी दाखवत दुसऱ्याचं काम सुरू झालं, आणि याने कुणाचाही अपमान झाला नाही.

वाया जाण्याबद्दल तू विचारलंस म्हणून आता मूलद्रव्यांची गोष्ट सविस्तर सांगते. महास्फोटाच्या बाजूने जॉर्ज गॅमोचं म्हणणं होतं की सगळी मूलद्रव्यं विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत शिजली. हे जमेना. वस्तुमानांक ५ आणि ८ असलेली स्थिर अणुकेंद्रंच नाहीत. तिथे पायऱ्या तुटलेल्या आहेत, आणि विश्व इतक्या झपाट्याने थंड होतं की त्या ओलांडायला वेळ मिळत नाही. हॉइलपुढे तर पर्यायच नव्हता. त्याच्या विश्वाला 'पहिली मिनिटं' नव्हतीच, म्हणून कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सगळं ताऱ्यांच्या पोटातच घडवावं लागणार होतं. या निकडीतून त्याने १९५३ मध्ये सांगितलं की कार्बनच्या केंद्रकाला साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला एक उत्तेजित स्थिती असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत पुरेसा कार्बन बनणार नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेत शोधली आणि ती स्थिती सापडली! १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल या चौघांचा शंभरावर पानांचा शोधनिबंध आला. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी बनतात याचा आजही तोच पाया आहे. महास्फोट मानणाराही आज तोच शिकवतो, मीही बारावीला तोच सांगते. ज्या गरजेतून हे काम झालं ती गरज चुकीच्या सिद्धांताची होती.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १९६४ मध्ये हॉइलने रॉजर टेलरबरोबर हेलियमचा हिशोब केला. विश्वात वस्तुमानाने चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि एवढं हेलियम नेहमीच्या ताऱ्यांत बनू शकत नाही, त्याला फार मोठ्या तापमानाची एखादी अवस्था लागते, असं त्यांनी स्वतः लिहिलं. आपल्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारा पुरावा आपल्याच हाताने छापला. १९६७ मध्ये वॅगोनर आणि फाउलरबरोबर त्याने महास्फोटातल्या हलक्या मूलद्रव्यांचं तपशीलवार गणितही केलं. ऋजुता, मला हॉइल या प्रसंगात सगळ्यात मोठा वाटतो.

मग १९६५ आलं. पेन्झियास आणि विल्सन यांना न्यू जर्सीतल्या ॲन्टेनात सगळ्या दिशांनी सारखी येणारी सूक्ष्मलहरींची कुरकुर सापडली, साधारण तीन केल्विनची, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपासची. उष्ण सुरुवातीचं थंड झालेलं प्रारण असं असावं हे आल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्येच सांगितलं होतं. त्यांचा अंदाज होता पाच केल्विन. पुढे कोबे उपग्रहाने १९९० मध्ये या प्रारणाचा जो वर्णपट दिला तो कृष्णवस्तूच्या (सगळा प्रकाश शोषून फक्त तापमानानुसार प्रारण देणाऱ्या आदर्श वस्तूच्या) सैद्धांतिक आलेखावर इतका तंतोतंत बसला की सभागृहात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तापमान २.७२५ केल्विन. बहुतेकांसाठी वाद तिथे मिटला.

नारळीकर सरांसाठी मिटला नाही. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि ते, अशा तिघांनी नवी मांडणी केली, क्वासी स्टेडी स्टेट, म्हणजे जवळजवळ स्थिर स्थिती. यात विश्व एकूण दीर्घकाळ प्रसरण पावतंच, पण त्या प्रसरणावर साधारण पन्नास अब्ज वर्षांचे आकुंचन-प्रसरणाचे हेलकावे आहेत. द्रव्यनिर्मिती सगळीकडे सारखी होत नाही, ती दीर्घिकांच्या केंद्रांसारख्या प्रचंड गुरुत्वाच्या जागी लहान लहान स्फोटांनी होते. आणि सूक्ष्मलहरी? तो मागच्या चक्रांतल्या ताऱ्यांचा प्रकाश. अतिनवताऱ्यांतून, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांतून, बाहेर पडलेल्या लोहाच्या वाफेपासून मिलिमीटरभर लांबीचे बारीक तंतू बनतात, आणि ते हा प्रकाश शोषून सूक्ष्मलहरींत रूपांतरित करतात.

ऐकायला ओढूनताणून वाटतं ना? थांब, आधी त्यांचा सगळ्यात जोरदार आकडा बघ. समज, विश्वातलं सगळं हेलियम ताऱ्यांतच हायड्रोजनपासून बनलं. तर त्यात सुटलेली ऊर्जा कुठेतरी असलीच पाहिजे. ती सगळी उष्ण प्रारणात बदलली असं धरलं तर तापमान किती येईल? सूक्ष्मलहरींच्या आसपासचंच येतं. महास्फोटात हा निव्वळ योगायोग मानावा लागतो. हॉइल आणि बर्बिज यांना तो योगायोग वाटत नव्हता, आणि मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही धक्का बसला होता.

मग मी अडले ते एका घातांकावर. प्रारणाची ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे ऊर्जेच्या अंदाजात दुपटीची चूक असली तरी तापमानात ती जेमतेम एकोणीस टक्के दिसते. चौथं मूळ काढलं की मोठमोठे फरकही झाकले जातात. तेव्हा 'तापमान जुळलं' याचं वजन वाटतं तेवढं नाही. तरी ऊर्जेच्या पातळीवरही आकडे एकाच आवाक्यात राहतात हे खरं, आणि त्याने मला अजून थोडं अस्वस्थ वाटतं. शेवटी तुला हेच गणित घालणार आहे.

माझं स्वतःचं मत मात्र पक्कं आहे. हा सिद्धांत टिकला नाही. लोहाच्या तंतूंचं धुकं एवढं दाट हवं की प्रकाश पुन्हा पुन्हा शोषला जाऊन इतका नितळ वर्णपट तयार होईल, आणि एवढं विरळही हवं की अतिदूरचे रेडिओ स्रोत आपल्याला स्वच्छ दिसतील. दोन्ही एकत्र जमवणं कठीण. सूक्ष्मलहरींतल्या बारीक चढउतारांत जी ठरावीक शिखरं दिसतात ती महास्फोटाच्या गणितातून आपसूक निघतात, इथे ती नंतर बसवावी लागली. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) ताऱ्यांत बनत नाही, उलट जळून जातं, मग ते आहे तेवढं आलं कुठून? आणि सिद्धांताची स्वतःची भाकितं: मागच्या चक्रातले, चाळीस-पन्नास अब्ज वर्षं वयाचे तारे सापडले पाहिजेत. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा तारा म्हातारा होऊन राक्षसी झालेला दिसला पाहिजे. मागच्या चक्रातल्या काही मंद दीर्घिकांचा प्रकाश नीलसृती दाखवेल, म्हणजे निळ्याकडे सरकलेला दिसेल. सरांनी ही भाकितं उघडपणे मांडली आणि शोधा म्हणून सांगितलं. ते तारे सापडलेले नाहीत.

आता हे वाच, तू पुण्यात आहेस म्हणून मुद्दाम सांगते. मूळ स्थिर स्थिती सिद्धांत खरा असता तर सूक्ष्मलहरींचं तापमान सर्व काळी सारखं असायला हवं. महास्फोटानुसार पूर्वी ते जास्त हवं, ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप) २.३४ असलेल्या ठिकाणी सुमारे ९.१ केल्विन. २००० साली एका दूरच्या क्वेसारच्या वाटेत आलेल्या वायूमेघातल्या कार्बनवरून हे तापमान मोजलं गेलं, ६ आणि १४ केल्विनच्या दरम्यान निघालं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आहेत रघुनाथन श्रीआनंद, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे. म्हणजे नारळीकर सरांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या, आणि तेव्हा तेच संचालक असलेल्या संस्थेतून ही मोजणी जगापुढे गेली. आपल्या मताची माणसं गोळा करून त्यांना मठ उभारता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. महास्फोट, फुगवटा (विश्वाच्या अगदी सुरुवातीचं अतिवेगवान प्रसरण), कृष्णऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) यांवर काम करणारे तिथे मोकळेपणाने काम करत राहिले. हे मला त्यांच्या कुठल्याही सिद्धांताइतकंच मोठं काम वाटतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने न सांगणं अन्यायाचं होईल. १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, त्याला वेग येतो आहे. सगळे चकित झाले. स्थिर स्थिती सिद्धांत १९४८ पासून नेमकं हेच सांगत होता, त्याच्या गणितात प्रवेग असलाच पाहिजे. यावरून तो खरा ठरत नाही, कारण इतर कसोट्यांवर तो पडला होता. पण रूढ मताच्या लोकांनी तेव्हा कृष्णऊर्जा जोडून घेतली, आणि सरांची टीका हीच होती: फुगवटा, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य), कृष्णऊर्जा, एकामागून एक टेकू, आणि त्यातलं एकही अजून प्रयोगशाळेत हाती आलेलं नाही. ती टीका आजही लागू आहे. वर्गात महास्फोट शिकवताना मी ती मुलांना सांगते.

आता तुझ्या प्रश्नातली खरी गुंतागुंत. तू लिहिलंस, 'महास्फोट सिद्ध झाला म्हणजे विश्वाला सुरुवात होती हे सिद्ध झालं.' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अत्यंत उष्ण आणि दाट होतं, आणि तिथून ते पसरत, थंड होत आलं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दाट अवस्थेआधी काय, काळ तिथेच सुरू झाला का, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. सापेक्षता सिद्धांत मागे नेत नेत घनता अनंत होते अशा बिंदूशी आणून सोडतो. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये दिलेलं समीकरण आणि त्याच्या आधाराने पेनरोज आणि हॉकिंग यांनी मांडलेले सिद्धांत सांगतात की काही साध्या अटी मानल्या तर हे टळत नाही. माझ्या मते तिथे विश्वाची सुरुवात नाही, आपल्या समीकरणांची हद्द आहे.

त्या हद्दीपलीकडचे पर्याय आज सभ्य, मान्यवर संशोधनाचा भाग आहेत. अभय अष्टेकरांचं नाव तू ऐकलंस का? धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा जन्म, पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला प्राध्यापक. त्यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली आणि त्यातून लूप क्वांटम गुरुत्वाची वाट निघाली. या वाटेने, अवकाशच मुळात सलग नसून सूक्ष्म कणांचं आहे असं धरून, विश्वाचा हिशोब मागे नेला तर घनता अनंत होत नाही. ती एका मर्यादेला पोचते, गुरुत्व तिथे ढकलू लागतं, आणि आधीचं आकुंचन पावणारं विश्व उसळी घेऊन आपलं विश्व होतं. पेनरोजचं म्हणणं आणखी निराळं, एका युगाचा अतिविरळ शेवट हीच पुढच्या युगाची सुरुवात. त्याने सूक्ष्मलहरींत मागच्या युगाच्या खुणा दिसतात असाही दावा केला, पण इतरांच्या तपासणीत तो टिकलेला नाही. स्टाइनहार्ट आणि ट्यूरॉक यांचं चक्रीय विश्व आहे. स्टाइनहार्ट तर फुगवट्याच्या कल्पनेच्या जनकांपैकी एक आणि आज तिचा सगळ्यात कडवा टीकाकार.

बहुमतालाही घाई होते, हे विसरू नकोस. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप २ प्रयोगाने फुगवट्यातल्या गुरुत्वलहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं. जगभर जल्लोष झाला. पुढच्या वर्षभरात प्लांक उपग्रहाच्या माहितीसह पुन्हा तपासलं तेव्हा ती बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली.

आणि तो व्हिडिओ. जेम्स वेबने महास्फोटानंतर तीनशे दशलक्ष वर्षांच्या आत उजळ दीर्घिका दाखवल्या हे खरं. इतक्या लवकर इतक्या उजळ कशा, हा दीर्घिकांच्या घडणीबद्दलचा जिवंत प्रश्न आहे. पण व्हिडिओतला माणूस लगेच 'थकलेल्या प्रकाशा'वर उडी मारतो, जणू ती कालच सुचली. ती कल्पना फ्रिट्झ झ्विकीने १९२९ मध्येच मांडली होती: विश्व पसरत नाही, प्रकाशच लांबच्या प्रवासात ऊर्जा गमावून तांबडा होतो. तिची परीक्षा झालेली आहे. प्रसरण खरं असेल तर दूरचा अतिनवतारा आपल्याला सावकाश विझताना दिसेल. ताम्रसृती १ असेल तर दुप्पट वेळ. थकलेल्या प्रकाशात असं काही होऊ नये. दीड हजार अतिनवताऱ्यांवर २०२४ मध्ये केलेल्या मोजणीत हा विलंब प्रसरणाच्या हिशोबाप्रमाणेच आला. व्हिडिओत याचा उच्चार नाही. नारळीकर सरांचा विरोध आणि हा विरोध यांत हा फरक आहे. सरांनी विरुद्ध पुराव्याचं नाव घेऊन त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. हा माणूस पुरावा आहे हेच कळू देत नाही.

अण्णामामाने ग्रुपवर टाकलेलं 'सगळं वेदांत आधीच आहे' हेही तू वाचलं असशील. नासदीय सूक्त मला फार आवडतं, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं एकशे एकोणतिसावं. हे सगळं कुठून आलं, कोण सांगेल, वरचा अध्यक्ष तरी जाणतो की तोही जाणत नाही, असं विचारून ते थांबतं. एवढ्या धीट प्रश्नाला आपण उत्तराची पाटी का लावावी? सरांच्या घरी आई संस्कृतच्या जाणकार आणि वडील गणिती होते, त्यांना हे सूक्त ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण त्यांनी दाव्यांना नेहमी आकडे मागितले. २००८ मध्ये दाभोलकरांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, पत्रिका देऊन मूल हुशार की मतिमंद एवढंच ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली सेहेचाळीस टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

तर तू म्हणतेस तुला पुढे 'मेनस्ट्रीमच्या बाहेरचं' काही करायचंय. कर. मी अडवणार नाही, बाबांनाही मी समजावीन. फक्त क्रम उलटा करू नकोस. सरांना महास्फोटाचं गणित त्याच्या समर्थकांइतकंच, काहींपेक्षा जास्त, येत होतं. विश्वरचनेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक वाचून ज्यांनी महास्फोट शिकला असे प्राध्यापक आज देशभर आहेत. आधी विश्वाच्या प्रसरणाची फ्रीडमनची समीकरणं हाताने सोडव. हेलियम चौथा हिस्साच का येतो हे स्वतः काढ. त्यानंतर जिथे खुपेल तिथे बोट ठेव. आणि ज्या दिवशी वेगळी मांडणी करशील त्या दिवशी पहिल्या पानावर लिहून ठेव, काय दिसलं तर मी ही सोडीन.

किंमत पडेल हेही सांगते. हाल्टन आर्प हा उत्तम निरीक्षक होता. ताम्रसृती नेहमी अंतरच दाखवते का, यावर त्याने शंका घेतली. शेवटी दुर्बिणीवर वेळ मिळेना, आणि तो अमेरिका सोडून जर्मनीला गेला. त्याचे निष्कर्ष मला पटत नाहीत, तरी त्याला वेळ नाकारला गेला हे चुकीचंच झालं असं मी म्हणेन.

आता गणित. साधारण चार घनमीटरमागे एक प्रोटॉन एवढं सामान्य द्रव्य आज विश्वात आहे, म्हणजे घनमीटरला सुमारे ४.२ गुणिले १० चा उणे २८ वा घात किलो. त्यातला पाव भाग हेलियम धर. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा सुटते. ती सगळी कृष्णवस्तू प्रारणात घालून तापमान काढ, आणि मग सूक्ष्मलहरींच्या खऱ्या ऊर्जा घनतेशी ताडून बघ. यात मी एक गोष्ट मुद्दाम धरलेली नाही: ती ऊर्जा ज्या काळात सुटली तेव्हापासून विश्व पसरल्यामुळे काय होईल. ते धरल्यावर हॉइलचा योगायोग किती उरतो ते मला कळव. रविवारपर्यंत जमलं तर बरं, मला बारावीच्या मुलांना दाखवायचंय.

मेसचं जेवण बरं आहे ना? आजीने मेतकूट करून ठेवलंय, शनिवारी शेजारच्या काकांबरोबर पाठवते.

तुझी,
आई